सांतानच्या गळ्यातल्या तीन गाठी

या, जवळ या. मार्था, पांघरूण एकटीने ओढू नकोस, त्या धाकट्यालाही दे. हं.

धर्मशिक्षणाच्या वर्गात तुम्ही सात पापं पाठ केलीत ना? गर्व, लोभ, मत्सर, क्रोध, सगळी घडाघडा म्हणता. आणि खादाडपणा म्हटला की सगळे रॉकीकडे बघून हसता, ते मला ठाऊक आहे. पण पाठ केली म्हणजे ओळखू येतात असं नाही, बरं का. ती माणसाच्या घरात येतात तेव्हा नाव सांगून येत नाहीत. सांतानलाही कळलं नव्हतं.

तर फार फार वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडावर शिंपाळे नावाचं गाव होतं. तिथे सांतान नावाचा एक जाळी विणणारा राहायचा. बायको लुदोविन, मांडीवरची एक मुलगी आणि शेजारच्याच घरात धाकटा भाऊ पावलू. पावलू मासे धरायचा, सांतान जाळी विणायचा. आणि जाळं असं विणायचा की त्याची गाठ कधी सरकायची नाही. मोठा घोळ मासा आत शिरून धडपडला तरी जाळं फाटायचं नाही.

ही विद्या त्याला शिकवली होती इनासबाबांनी. इनासबाबा डोळ्यांनी आंधळे. पण बोटं अशी की अंधारात हजार गाठी मारतील. सांतान पोरका होता, तेव्हा बाबांनी त्याला आणि पावलूला घरी आणलं, पेज पाजली, हातात लाकडी सुई दिली आणि एकेक गाठ शिकवली. सात वर्षं शिकवली.

मग काय झालं, एकदा बंदराचा राजा शिंपाळ्याला आला. त्याने सांतानचं जाळं हातात घेतलं, ताणलं, उन्हात धरून पाहिलं. म्हणाला, असं काम मी कुठे पाहिलं नाही, तुला कुणी शिकवलं? इनासबाबा तिथेच दाराशी बसले होते. अंगात विटका सदरा, पायाला चिखल. सांतानने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा राजाच्या जरीच्या अंगरख्याकडे बघितलं.

"कुणी नाही महाराज," तो म्हणाला. "माझं मीच शिकलो."

 इनासबाबांनी चाचपून काठी शोधली आणि हळूहळू घरी गेले. राजाने सांतानला शाल दिली. आणि त्या शालीखाली, गळ्याभोवती, सांतानला काहीतरी टोचलं. हात लावून बघतो तर बारीक दोरा, त्याला एक गाठ. त्याने ओढला, तुटेना. सुरीने कापला, कापेना. लुदोविनला दाखवला तर तिला दिसेचना. मग त्याने मनाला समजावलं, राहू दे, दोराच तर आहे.

मग पावसाळा सरला आणि पावलूचं नशीब उघडलं. रोज होडी भरून यायची. गावातली माणसं सांतानच्या अंगणातून जायची ती पावलूच्या अंगणात. पावलू काही फुशारकी मारायचा नाही हं. पहिला मासा दादाच्या घरीच द्यायचा, म्हणायचा, तुझ्या जाळ्याची कमाई आहे. पण सांतानला तो मासा गोड लागेना. जाळं माझं आणि कौतुक याचं, असं त्याच्या मनात यायचं. खाताना यायचं, प्रार्थनेला गुडघे टेकतानाही यायचं. एका दुपारी पावलू झोपला होता, तेव्हा सांतान गेला आणि स्वतःच विणलेल्या त्या जाळ्याची घरं, म्हणजे दोऱ्याचे चौकोन, त्याने सुरीने कापली. एक, दोन, तीन. बस, तीनच. घरी येईपर्यंत गळ्यातला दोरा सुतळीएवढा जाड झाला होता, आणि त्याला दुसरी गाठ पडली होती.

दुसऱ्या दिवशी पावलू रिकामा आला. सगळे मासे त्या भोकांतून निसटले होते. लुदोविनने जाळं हातात घेऊन बघितलं. ती जाळीवाल्याची बायको. माशाने फाडलेला धागा पिंजारतो आणि सुरीने कापलेला सरळ तुटतो, हे तिला न कळायला काय झालं? तिने घरी येऊन नवऱ्याला हळूच विचारलं, "हे तुमच्या हातून झालं का?"

एवढंच विचारलं, बाळांनो. पण सांतान असा भडकला की काही विचारू नका. तिची मडकी अंगणात फेकली, तिचा करंडा फेकला, आणि म्हणाला, जा तुझ्या बापाकडे. पाळण्यातली मुलगी घाबरून रडायला लागली. लुदोविनने तिला उचललं, कडेवर घेतलं आणि खाडीपलीकडे माहेरी निघून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही तिने.

आणि सांतानच्या गळ्यातल्या सुतळीचा काथ्याचा दोर झाला, तिसरी गाठ आवळली. आता त्याला घास गिळवेना. पाणी थेंबाथेंबाने जायचं. बोलायला गेला तर नुसती हवा यायची. फादरांपुढे पापनिवेदनाला जाऊन बसला, तर तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. फादर थांबले, पुष्कळ वेळ थांबले, मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, परत ये, मी इथेच आहे.

इकडे पावलूचं काय झालं? जवळच्या पाण्यात काही मिळेना, म्हणून तो फाटकं जाळं कसंबसं जोडून लांब, पार काळ्या खडकांपलीकडे गेला. गेला तो आलाच नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. समुद्रावर धुकं उतरलं होतं. गावातले लोक होड्या घेऊन गेले आणि परत आले. या धुक्यात स्वतःचं वल्हं दिसत नाही, तिथे पावलू कुठून दिसणार, असं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सांतान किनाऱ्यावर बसला होता. गळा आवळलेला, घर रिकामं, भाऊ समुद्रात. समोर जुन्या जाळ्याच्या तुकड्यात एक कासव अडकलं होतं. चांगलं परातीएवढं म्हातारं कासव, पाठीवर शिंपले चिकटलेले. सांतानने सुरी काढली आणि त्याचे पाय मोकळे केले. तर ते कासव जाईना. मान वर करून म्हणालं, "माझे पाय तू सोडवलेस, सांतान. तुझा गळा कोण सोडवणार?"

 सांतानने खुणेने विचारलं, हे सुटेल का?

कासव म्हणालं, "दोर तूच वळलास, पण गाठी तुला सुटायच्या नाहीत. ज्यांना तू दुखावलंस त्यांचेच हात लागतील. तीन माणसं आहेत. तिघांना खरं काय ते सांग. आणि लवकर जा. तुझा भाऊ जिवंत आहे, पण धुक्यात त्याला हाक ऐकू यायला हवी, आणि तुझ्याकडे आवाज नाही."

एवढं बोलून कासव पाण्यात गेलं.

सांतान उठला. धावत धावत इनासबाबांच्या झोपडीत गेला. बाबा सूत वळत होते. त्याला बोलता येत नव्हतं, मग त्याने काय केलं? त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला, अगदी लहानपणी बसायचा तसा, आणि त्यांची लाकडी सुई उचलून त्यांच्या हातात दिली. मग त्यांचा हात धरून आपल्या बोटांवर ठेवला. जणू मला पुन्हा पहिल्यापासून शिकवा म्हणत होता. बाबांनी त्याची बोटं चाचपली. मग मनगट, मग खांदा, मग गळा. आणि काय सांगू, जो दोर डोळे असलेल्या कुणालाच दिसला नव्हता, तो त्या आंधळ्या बोटांना सापडला.

"केवढी वाईट गाठ मारलीस रे पोरा," बाबा म्हणाले. "मी अशी शिकवली नव्हती."

आणि त्यांनी ती सोडली. सांतानच्या तोंडून पहिला शब्द निघाला, अगदी घोगरा. "बाबा, मला तुम्हीच शिकवलंत." बाबांनी मान हलवली. म्हणाले, ते मला माहीत आहे, जा आता, तुला घाई आहे.

मग सांतानने होडी काढली आणि खाडी ओलांडून सासरवाडीला गेला. दार बंद होतं. त्याने हळूच सांगितलं, मी आलोय. दार उघडेना. ओहोटी लागणार होती, पाणी उतरलं की होडी चिखलात बसणार, मग समुद्रात जाणार कशी? त्याच्या मनात आलं, दार धडाधडा वाजवावं, ओरडावं. हात वर गेलासुद्धा. पण तो हात त्याने खाली घेतला आणि उंबऱ्याबाहेर बसून राहिला. पाणी उतरू लागलं, तरी बसून राहिला. आत मुलगी खोकली, तरी दाराला हात लावला नाही.

मग दार उघडलं. लुदोविन मुलीला घेऊन उभी होती.

तो म्हणाला, "जाळं मीच कापलं. तू खरं विचारलंस आणि मी तुझीच मडकी फोडली."

 तिच्या डोळ्यांत अजून राग होता, आणि का नसावा? मग तिची नजर त्याच्या गळ्याकडे गेली आणि ती दचकली. तिला आता तो दोर दिसला. मुलीला खाली ठेवून तिने नखांनी गाठ सोडायला घेतली. नखं दुखली, पण सोडली. म्हणाली, मी घरी येईन की नाही ते नंतर बघू, आधी भावोजींना घेऊन या. आणि आतून पेजेची कळशी आणून दिली. म्हणाली, तुम्हीही प्या यातली थोडी.

चिखलात रुतलेली होडी दोघांनी मिळून ढकलली, बरं का. लुदोविन गुडघाभर चिखलात उभी राहिली होती.

सांतान काळ्या खडकांपलीकडे गेला. दूध सांडल्यासारखं धुकं. त्याला आता आवाज होता, पण अर्धाच. तो हाक मारायचा, थांबायचा, ऐकायचा. पुन्हा हाक. दुपार कलायला लागली. घसा सोलवटला. पेज जवळ होती, चार दिवस पोट उपाशी होतं, पण त्याने कळशीचं तोंड उघडलं नाही. पावलूला पुरली नाही तर?

आणि मग लांबून, अगदी बारीक, कुणीतरी ओ दिली.

पावलू एका खडकावर बसला होता. होडी फुटली होती, ओठ मिठाने फाटले होते. सांतानने आधी त्याला पेज पाजली, घोट घोट करून. मग म्हणाला, "पावलू, तुझं जाळं मी कापलं. तुझं चांगलं झालेलं मला बघवलं नाही."

पावलूने कळशी खाली ठेवली आणि पाठ फिरवून बसला. लाटा खडकावर येत होत्या, जात होत्या. सांतान उभाच राहिला. होडीत ये, असंही म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

मग पावलू पाठमोराच बोलला. "तीन दिवस मी देवाला एकच मागत होतो, दादा. कुणाला तरी पाठव. गावातले सगळे परत गेले, त्यांच्या हाका मी ऐकल्या, पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नाही. तू थांबून थांबून ऐकत होतास, म्हणून तुला ऐकू आलं." मग तो वळला. "राग आहे मला. पण देवाने पाठवलेल्या माणसाला मी परत कसा पाठवू?"

त्याची बोटं सुजली होती, म्हणून त्याने तिसरी गाठ दातांनी सोडली. दोर गळून पाण्यात पडला. सांतानने छातीभर श्वास घेतला आणि लहान मुलासारखा रडला. पावलूही रडला. मग कळशीत उरलेली पेज दोघांनी अर्धी अर्धी प्यायली.

ते किनाऱ्याला लागले तेव्हा देवळात संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होत होती. किनाऱ्यावर सगळा गाव जमला होता. इनासबाबांना कुणीतरी हात धरून आणलं होतं. आणि लुदोविन मुलीला घेऊन इकडच्या काठावर उभी होती. इकडच्या, बरं का. तिने घरात शिरून चूल पेटवली.

त्यानंतर सांतान पुन्हा कधी रागावला नाही, असं मी सांगणार नाही. रागवायचा, हेवाही वाटायचा. पण वाटला की उठून पावलूची होडी ओढायला जायचा, तोंडाने देवाचे आभार मानत. जाळं बघून कुणी विचारलं की आधी इनासबाबांचं नाव घ्यायचा. बाबा त्याच्याच घरी राहायला आले, आणि म्हातारपणी त्यांना सांतानच्या मुलीने पेज भरवली. सगळ्यांचे दिवस चांगले गेले.

झाली गोष्ट. रॉकी, तू जागा आहेस अजून? मग डोळे मीट, आणि आज कुणी कुणी तुझ्यासाठी काय काय केलं ते आठव. सकाळी आईने वेणी घातली ती मार्थाची, तुझी नाही. तुला भाकर कुणी केली, विहिरीवरून पाणी कुणी आणलं, ते बघ. एकेकाचं नाव घे आणि देवाला म्हण, यांना सांभाळ. नावं संपायच्या आत झोप लागेल. माझी तर रोज लागते.