बाहेरून टाकी

पर्यटक कोकणात नुकतेच येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. एका पर्यटक निवासाच्या दारात जाते मांडले होते. पाहुणे त्याच्याशेजारी बसून फोटो काढत आणि आत जाऊन पाव खात.

"दळण कधी येणार तुझं?" शेजारचा पाटा रोज हसून विचारी.

एके दिवशी मालकीणबाईंनी जात्याला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने दगडाला ठोके द्यायला, तुळाजी पाथरवटाला बोलावले. जाते हरखले. "आता धार येईल, मग दळणही येईल."

तुळाजीने वरचा दगड उचलला.

"आतून नको हो," बाई म्हणाल्या, "बाहेरून ठोका. फार नवं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी पाहुणे कौतुकाने म्हणाले, "किती पिढ्यांनी दळलं असेल यावर!"

पाटा त्या दिवशी हसला नाही.