अंडं की मोहरी?

"अंडं की मोहरी? एक खरं, तर दुसरं खोटं! सूर्य मावळेपर्यंत ठरवा. जो खोटा, त्याच्या डोक्यावरचं छप्पर उतरवीन!" राजा रणधवल गरजला.

त्याने फक्त विचारलं होतं, विश्व जन्मलं कसं? पाठशाळेचे वामनशास्त्री म्हणाले, "आधी पाणीच पाणी. त्यावर सोन्याचं अंडं. देवाची इच्छा झाली आणि ते फुटलं!" वेधशाळेचे केशव जोशी दुर्बीण सरसावून म्हणाले, "छे! आकाशगंगा एकमेकींपासून दूर पळताहेत. म्हणजे कधीकाळी सगळं मोहरीएवढ्या जागेत होतं, धगधगत!"

झालं! दोघे हमरीतुमरीवर आले.

पाठशाळा आणि वेधशाळा दोन्हींची झाडलोट करायची सगुणी. कुठलंही छप्पर उतरलं, तरी तिची अर्धी भाकरी जाणार होती. शेवटी पदर खोचून ती पुढे झाली.

"म्हाराज, तुमी कसं जलमला?"

"मला काय ठाऊक! मी तेव्हा तान्हा होतो!"

"मंग ठावं हाय त्येनला इचारा की!"

चिकाच्या पडद्याआडून राजमाता म्हणाल्या, "अरे, किती वर्षं पाळणा हलेना. मल्हारीला नवस बोलले, तेव्हा कुठे देवाने तुला पदरात घातलं."

मग म्हातारी सुईण बोलावली. "नवसाचं मला काय म्हाईत न्हाई. म्या बघितलं त्ये सांगते. म्हाराज पायाळू! आदी पाय आलं, आन् डोस्कं पार शेवटाला!"

दरबारात सगळ्यांनाच एकदम खोकला आला.

सगुणी म्हणाली, "बगा! दोघींचं जुळंना! येक खरं, तर दुसरं खोटं. कुणाचं छप्पर उतरवायचं? सुईणीची झोपडी, का आईसायबांचा ह्यो राजवाडा?"

"वेडी आहेस का?" राजा ताडकन उठला. "दोघीही खरंच सांगताहेत! आई सांगते कुणाच्या कृपेने झालो, सुईण सांगते कसा झालो!"

"आस्सं! मंग तुमच्या जलमाला येक न्याय, आन् जगाच्या जलमाला दुसरा?"

राजा असा हसला की मुकुट कानावर आला! शास्त्रीबुवा आणि जोशीबुवा आपापल्या छपराखाली परतले, वाटेत पुन्हा भांडतच.

सगुणीला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या. सुईणीलाही मिळाल्या, पण पायांचं पुन्हा कुठे बोलायचं नाही, या अटीवर!