कान्हूचा हंस कोणता

बारवेचं पाणी पायरीवर बसून ओंजळीत घेता यायचं, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षं झाली तिला. धामणदरी गावात तेव्हा कान्हू नावाचा पाथरवट राहत होता. तो जाती, पाटे, उखळं घडवायचा. त्याच्या जात्यातून पीठ इतकं मऊ पडायचं, की बाया ते गालाला लावून बघायच्या, असं म्हणतात.

पण कान्हूला सुख नव्हतं. तो एका माणसावर जळत होता, आणि तो माणूस मरून दोनशे वर्षं झाली होती.

त्या माणसाचं नाव हरपाळ. गावची बारव त्यानं बांधली होती. एका बाजूनं पायऱ्या, तीन बाजूंनी काळ्या दगडाच्या भिंती, आणि पाण्याच्या जरा वर भिंतीत साठ हंसांची ओळ. वैशाखात ऐन दुपारी ऊन सरळ पाण्यात पडायचं, पाण्यावरून उसळून हंसांवर हलायचं, आणि पहिल्या हंसापासून शेवटच्या हंसापर्यंत सगळी ओळ पोहत जायची. बघायला लांबलांबून माणसं यायची.

कान्हूनं काहीही घडवलं की चंद्राक्का नावाची म्हातारी त्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "चांगलं केलंयस रं कान्ह्या. पण हरपाळाचा हात तो हरपाळाचा हात."

जात्याला तेच, उखळाला तेच. एकदा वरवंट्यालाही ती तेच म्हणाली. त्या रात्री कान्हू जेवताना ताट बाजूला सारून उठला. हरपाळानं जन्मात कधी वरवंटा केला होता का, असं तो बायकोला विचारू लागला. बायकोचं नाव भागू. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, मला सवत आली असती तरी मी एवढी जळले नसते."

मग एका साली पाऊस फार झाला. बारवेच्या सांध्यात उंबराचं रोप उगवलं होतं, त्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्याची मुळी मनगटाएवढी झाली आणि तिनं भिंत ढकलली. अकरा हंस पाण्यात पडले. गाळातून सहा धड निघाले, पाचांचा चुरा झाला. गावानं कान्हूला बोलावलं.

कान्हूनं आधी सहा हंस परत बसवले. प्रत्येकाच्या पाठीमागं, भिंतीत लपणाऱ्या बाजूला, हरपाळाची खूण होती, एक लहानसा मासा. तो मासा दिसला की कान्हूच्या पोटात दुखायचं. मग त्यानं आपले पाच घडवले. पीस न् पीस वेगळं, डोळ्यात बाहुली, गळ्यात मण्यांची माळ. गाव बघतच राहिलं. चंद्राक्कानं हात फिरवला आणि त्या दिवशी हरपाळाचं नाव काढलं नाही. कान्हू दोन भाकरी जास्त जेवला.

वैशाख आला. दुपारी सगळे पायऱ्यांवर जमले. ऊन पाण्यात उतरलं, हंस हलले, ओळ पोहत निघाली. ती कान्हूच्या पहिल्या हंसापाशी आली आणि थांबली. त्याचे पाचही हंस दगडासारखे उभे राहिले. उजेडाची लाट त्यांच्यावरून उडी मारून पलीकडे गेली.

चंद्राक्का हळूच म्हणाली, "अडलं की रं."

दुसऱ्या दिवशी माणसं शेतात गेली तेव्हा कान्हू पहार आणि हातोडा घेऊन बारवेत उतरला. आपले हंस पोहत नसतील तर शेजारचाही पोहायला नको, असं त्यानं ठरवलं होतं. दगड ढिला झाला, पडला, फुटला, असं सांगता आलं असतं. आपल्या पाचांच्या लगतचा, भिंतीत राहिलेला हंस त्यानं पहारीनं ओढून काढला, पायरीवर पालथा घातला आणि हातोडा उचलला.

पाठीमागं मासा नव्हता. छिन्नीच्या टोकानं केलेला एक ठिपका होता, बस.

"हा कोण?" कान्हू म्हणाला.

हातोडा खाली ठेवून तो कितीतरी वेळ त्या ठिपक्याकडे बघत बसला. म्हणजे कधीतरी हाही हंस फुटला होता. कुणीतरी तो नवा घडवला होता, आणि गाव त्यालाही हरपाळाचाच समजत होतं. कान्हूनं घरोघरी विचारलं. बारव कधी दुरुस्त झाल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि मग गंमत झाली. कान्हूचं हरपाळावरचं जळणं तिथंच थांबलं आणि तो त्या ठिपकेवाल्यावर जळू लागला. हरपाळाला गाव ओळखत होतं, त्यात काय मोठंसं. याचा हात तर एवढ्या वर्षांत कुणाला वेगळा ओळखूच आला नव्हता. हे आपल्याला जमणार नाही, असं त्याला वाटलं, आणि त्या विचारानं त्याची झोप उडाली.

त्यानं तो हंस जागेवर बसवला. त्याच हातोड्यानं आपले पाच फोडले. मग रोज दुपारी तो गुडघाभर पाण्यात उभा राहून ऊन कसं चढतं ते बघू लागला. ऊन खालून यायचं. म्हणून हरपाळानं हंसांची पोटं खोल घेतली होती आणि पाठी साध्या ठेवल्या होत्या. कान्हू इतका स्थिर उभा राहायचा, की मासे त्याला खांब समजून त्याच्या पायांवरचं शेवाळ खायचे, असं म्हणतात. वर्षभरात त्यानं पाच हंस केले. ना माळ, ना बाहुली.

पुढच्या वैशाखात ओळ निघाली ती थेट शेवटपर्यंत गेली. कुठं अडली नाही. त्या दिवशी हंसांच्या पंखांचं पाणी पायरीवर बसलेल्यांच्या अंगावर उडालं, असं म्हणतात. चंद्राक्कानं ओला गाल पुसला, नेमकं कान्हूच्या हंसाकडे बोट केलं आणि म्हणाली, "हरपाळाचा हात तो हरपाळाचा हात."

कान्हू एवढा हसला की त्याला ठसका लागला. भागूनं पाठीवर थापट्या मारल्या.

कान्हू म्हातारा होऊन गेला, तेव्हा भागूनं गावाला सांगितलं, की त्याच्या पाच हंसांच्या मागं ठिपका आहे, पण कुठल्या, ते त्यानं मलाही सांगितलं नाही. तोवर कोणते पडले होते ते गाव विसरून गेलं होतं. बघायचं तर भिंत उकलावी लागेल, आणि भिंतीला पहार लावायची नाही असं गावानं ठरवलं.

अजूनही वैशाखात धामणदरीची माणसं बारवेत उतरतात. गाळ काढतात. सांध्यात उंबराचं रोप दिसलं तर हात जोडून त्याची माफी मागतात, अलगद उपटतात आणि बांधावर नेऊन लावतात. दुपारी ओळ पोहून गेली की प्रत्येक जण आपल्याला वाटेल त्या हंसाला हळदीचा एक ठिपका लावतो आणि म्हणतो, हा कान्हूचा. त्यावरून पोरांची भांडणं होतात. मोठ्यांचीही होतात. संध्याकाळपर्यंत साठही हंस पिवळे झालेले असतात. एखादा नवखा विचारतो, की अहो, यातले बरेचसे तर हरपाळाचे ना?

तेव्हा तिथली माणसं म्हणतात, "असू दे. कान्हूला बरं वाटेल."