सारूबाईची काहील

गोदावरीला अजून धरण ठाऊक नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. नदीकाठच्या सोनथडी गावात सारूबाई राहायची. तिचा नवरा याकोब नावाडी होता. गावात ख्रिस्ती झालेलं तेवढं एकच घर.

एका भाद्रपदात पुरानं याकोबला होडीसकट नेलं. पलीकडच्या वस्तीवरचे भिवाजीबाबा चारचौघांत म्हणाले, "यांनी देव सोडला, मग नदी यांना सोडंल होय?" ते बोल सारूबाईच्या कानावर आले. तिची प्रार्थना थांबली. असं म्हणतात, की ती नदीकडं पाठ करूनच भाकरी थापायची.

दुसऱ्या गावच्या चर्चचे पाळक भेटायला आले, तेव्हा तिनं एकच विचारलं, "प्रभूनं पाणी का थांबवलं नाही?"

पाळकांनी बायबल उघडून वादळात सापडलेल्या येशूच्या शिष्यांची गोष्ट वाचली. सारूबाईनं ती कितीदा तरी ऐकली होती. या वेळी तिच्या मनात आलं, प्रभू तेव्हा काठावर नव्हता. बुडायला आलेल्या होडीतच होता.

"म्हणजे माझा माणूस एकटा गेला नाही," ती म्हणाली. आणि उठता उठता म्हणाली, "मग मी तरी काठावर का बसू?"

होडी गेली होती. तिनं गुऱ्हाळातली, उसाचा रस आटवायची जुनी काहील मागून आणली आणि त्या लोखंडी कढईत बसून वल्हवायला शिकली. काहील गरगर फिरायची, उलटायची. लोक हसायचे. ती ओल्या लुगड्यानं पुन्हा आत चढायची. हळूहळू हसणारेच तिच्या काहिलीतून बाजाराला जाऊ लागले.

मग तो मोठा पूर आला. पलीकडची वस्ती पाण्यानं वेढली. पट्टीचे पोहणारे हात जोडून उभे राहिले. सारूबाईनं काहील पाण्यात लोटली. एकेक घर ती उतरवून आणत गेली. वाहत आलेली झाडं तिच्याजवळ येत आणि बाजूला होत, असं म्हणतात.

शेवटी भिवाजीबाबांचं छप्पर उरलं. वर बाबा आणि दिवस भरलेली सून.

"कोणत्या तोंडानं बसू तुझ्या काहिलीत?" बाबा म्हणाले.

"आधी सुनेला बसवा, बाबा. बाकीचं पलीकडं गेल्यावर बोलू."

मधल्या धारेत काहील दिसेनाशी झाली. पुन्हा दिसली तेव्हा काठावरच्यांना तिच्यामागं आणखी कुणी वल्हवताना दिसलं. कुणी म्हणालं याकोब, कुणी म्हणालं प्रभू. सारूबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "मागं बघायला मला सवड कुठं होती?"

सून काठावरच बाळंत झाली. भिवाजीबाबांनी सारूबाईचे पाय धरायला हात पुढं केले. तिनं त्या हातांत बाळ दिलं.

पुढं ती म्हातारी होईतो काहील आणि बुडत्याला ओढायचा लांब दोर घेऊन नदीवरच राहिली. दुःखात बुडालेली माणसं तिच्याकडं यायची. त्यांना ती सांगायची, "दुःख का येतं, ते मला अजून कळलं नाही. ते आल्यावर कुणाच्या मदतीला धावायचं, ते कळलं."

आता तिथं पूल आहे, पण मोठ्या पावसात तो पाण्याखाली जातो. तेव्हा देवळाची आणि नंतर बांधलेल्या चर्चची घंटा एकदम वाजते. सगळं गाव लांब दोर घेऊन काठावर येतं, अडकलेल्यांना ओढून घ्यायला. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं, त्या घरच्या माणसाला हाताला धरून आणतात आणि दोर पहिल्यांदा त्याच्या हाती देतात. त्याला ते म्हणतात, "धर. सारूबाईचा आहे."