चिमट्याचा आवाज

वस्तू आणि जनावरं माणसांशी बोलत, त्या काळची गोष्ट. यमुनाक्काने बाजारात बेवारशी पडलेला एक कुत्रा घरी आणला. त्याच्या गळ्यात दोरी रुतली होती आणि कुणी हात उचलला की तो अंग चोरायचा. अक्काने दोरी कापली, जखमेला हळद लावली आणि त्याचं नाव तांबू ठेवलं.

स्वयंपाकघरात मात्र कुत्र्याला मज्जाव होता. त्याला मारणं अक्काच्या जिवावर यायचं. म्हणून तांबू उंबऱ्यापाशी आला की ती लोखंडी चिमटा फरशीवर खणकन आपटायची. तांबू दचकून मागे सरायचा. आठ दिवसांत तो शहाणा झाला.

"आता त्याला आत यायलाही शिकव," उंबरा म्हणाला.

"ते काय शिकवायचं?" अक्का म्हणाली. "बोलावलं की येईलच."

वर्षं गेली. एका सकाळी चुलीपुढून उठताना अक्काचा तोल गेला. ती पडली आणि हातातला चिमटाही खणकन पडला. कमरेखालचं अंग हलेना. घरात दुसरं माणूस नव्हतं.

"तांबू, जवळ ये रे," ती म्हणाली.

तांबू उंबऱ्यापर्यंत आला. त्याने चिमट्याकडे पाहिलं आणि तो तिथेच बसला.

"जा की बाबा," उंबरा कळवळून म्हणाला. "मी आज अडवत नाही."

"तू कधीच अडवलं नव्हतंस," तांबू म्हणाला.

चिमटा दूर सारावा म्हणून अक्काने हात लांब केला. बोटं जेमतेम लागली आणि चिमटा फरशीवर पुन्हा वाजला.

तांबू उठून एक पाऊल मागे सरला.