लांजेवारसाहेबांचा बूट

आमच्या नागपूरच्या क्लबचे अध्यक्ष लांजेवारसाहेब बास्केटबॉलचा सामना बघायचे ते ऐटीत पाय पसरून. खुर्ची मैदानाच्या रेषेला खेटून आणि बूट रेषेच्या आत! कोणी हटकलं, की विचारायचे, "मैदान कोणाचं आहे?"

फायनलला आमचा संघ एका गुणाने मागे होता. शेवटचे काही सेकंद उरलेले, हॉल नुसता दणाणून गेलेला! आमच्या कॅप्टनचा पास चुकला, चेंडू सुसाट बाहेर निघाला आणि साहेबांच्या बुटावर आपटून परत आत आला. कॅप्टनने तो झेलला आणि थेट बास्केट! आम्ही नाचायलाच लागलो. तेवढ्यात रेफरी डहाके मॅडमची शिट्टी वाजली.

"बास्केट रद्द. चेंडू बाहेर गेला होता."

साहेब ताडकन उठले. "बाहेर कसा? माझ्या बुटाला लागला, आणि बूट आत होता! सगळ्यांनी पाहिलंय!"

"आत होता?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मैदानात एका संघाचे पाचच जण चालतात, साहेब. तुम्ही आत असाल, तर तुमचे सहा झाले. मग मी फाऊल देते आणि समोरच्यांना फ्री थ्रो. तुम्ही बाहेर असाल, तर चेंडूही बाहेर. आता तुम्हीच सांगा, तुम्ही आत की बाहेर?"

अख्खा हॉल साहेबांच्या तोंडाकडे बघत होता.

"बाहेर," साहेब पुटपुटले.

मॅडमनी चेंडू समोरच्या संघाला दिला.

"मग बूटही बाहेर घ्या, साहेब. खेळ सुरू करायचाय."