सालीत रुतलेली नखं

सह्याद्रीतल्या उंच झाडांवर उडत्या सरड्यांची वस्ती होती, तेव्हाची ही गोष्ट. पिल्लानं स्वतःला मोठ्याच्या पाठीला वेलीनं बांधून पहिली उडी घ्यायची, असा त्यांचा रिवाज होता. पिल्लाचे मागचे पाय फांदी धरून असत, म्हणून मोठा विचारी, "सोडलं?" पिल्लानं "सोडलं" म्हटल्याशिवाय तो झेप घेत नसे.

ठिपकी नावाचं पिल्लू असंच आपल्या मावशीच्या पाठीवर होतं. खाली पाहताच ठिपकीनं डोळे मिटून घेतले.

"सोडलं?" मावशीनं विचारलं.

"सोडलं," ठिपकी म्हणाली. पण तिच्या मागच्या पायाची नखं सालीत घट्ट रुतलेली होती.

मावशीनं झेप घेतली आणि जोराचा हिसका बसला. दोघी गरगरत खाली निघाल्या. जमीन अगदी अंगावर आली, तेव्हा कुठे मावशीनं पंख सावरले.

पाचोळ्यात पडल्या पडल्या ठिपकीला वाटलं, गप्पच बसावं, नाहीतर मावशी पुढचं शिकवायचीच नाही. तरी ती पुटपुटली, "मावशी, मी खोटं बोलले. सोडलं नव्हतं मी."

"तुझ्या नखांत साल अडकलीय, ती मघाशीच दिसली मला. अजून शिकायचंय?"

"हो."

"मग चल वर."

पुन्हा तीच फांदी. पुन्हा मावशीनं विचारलं, "सोडलं?"

ठिपकी म्हणाली, "नाही. अजून नाही."

मावशीनं पंख मिटले आणि ती निवांत बसून राहिली.